साडेसहाशेचा रंधा

लाकूड तासायचा रंधा 650, तीन पटाश्या (सुताराच्या छिन्न्या) मिळून 250, काटकोन बघायचा गुण्या 120 आणि दोन फुटी पोलादी पट्टी 60. एका रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात मी हे 1,080 रुपये मोजले आणि पिशवी खांद्याला लावून घरी आलो. त्यातली एक वस्तू आधीच मोडून सांधलेली निघाली. एक माझ्या कामाचीच नव्हती. आणि जिला सगळ्यात हलकी समजून मी भाव पाडला होता, ती सगळ्यात भारी निघाली. हे कळायला पंधरा दिवस गेले आणि कोल्हापूरहून मामांना यावं लागलं.

आधी गरज काय होती ते सांगतो. मुलीसाठी अभ्यासाचं टेबल करायचं होतं. एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटी ओळखीतून मिळाल्या होत्या. लाकूड उत्तम, पण वर चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर आणि आत खिळ्यांचे तुकडे. कारखान्यात रंधून आणावं म्हटलं तर खिळ्यांच्या भीतीनं कुणी मशीनवर घेईना. इलेक्ट्रिक रंधा घरात चालवला तर खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर येतील, अशी परिस्थिती. मग हातरंधाच. नवा देशी लोखंडी रंधा तेव्हा अडीच हजारांच्या आसपास मिळत होता. मी सगळ्या हत्यारांसाठी मिळून दोन हजार काढून ठेवले होते.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या आजूबाजूला. रविवारी सातच्या सुमाराला गेलं तर पथाऱ्या मांडल्या जात असतात आणि माल पोत्यांतून बाहेर पडत असतो. दहानंतर गर्दी होते, ऊन चढतं आणि चांगल्या वस्तू दुसऱ्या विक्रेत्यांनीच उचललेल्या असतात. हे विक्रेते एकमेकांचे पहिले गिऱ्हाईक असतात, हे मला दोन-तीन फेऱ्या रिकाम्या हाती परतल्यावर समजलं.

तिथे सुतारकामाची हत्यारं एवढी येतात कुठून? प्रत्येक विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "रेल्वेचा माल आहे", "खडकीच्या फॅक्टरीतला आहे", "मुंबईच्या गिरणीतला आहे". ह्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा, परळ-माटुंग्याची रेल्वे वर्कशॉपं जुनी, आणि 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तेव्हा त्यांच्या सुतारखात्यांचा, फिटरखात्यांचा माल भंगारात गेलाच. पण माझ्या मते खरं कारण साधं आहे, ते म्हणजे प्लायवूड. प्लायला रंधा लागत नाही. तो कापायचा, सनमायका चिकटवायचा, कडेला पट्टी मारायची. सुताराच्या पेटीतला जो रंधा दिवसभर हातात असायचा, तो आठवड्यातून एकदा दार घासायला निघू लागला आणि त्या दार घासण्यालाही इलेक्ट्रिक रंधा आला. मग म्हातारे सुतारकाका गेले की पेटी मुलांच्या पायात यायला लागते आणि एक दिवस भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. भंगारवाला ती वजनावर घेतो. जुन्या बाजारात ती नगावर विकली जाते. घासाघीस करायची जागा ह्या दोन भावांच्या मध्ये आहे.

एक पथ्य मात्र मी पाळतो. हत्यारावर सरकारी किंवा कंपनीची खूण असेल आणि हत्यार नवंकोरं दिसत असेल तर हात लावत नाही. जुनी, निकामी ठरवलेली हत्यारं लिलावात निघतात, ती गंजलेली असतात. चकचकीत हत्यार लिलावात निघत नाही, ते गेटमधून निघतं.

निळ्या ताडपत्रीवर

बाजारातल्या एका विक्रेत्या मावशींच्या ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या, स्कूटरचा कार्ब्युरेटर आणि कुलपांचा ढीग होता. ढिगाच्या खालून एक लाकडी मूठ वर आली होती. ओढली तर हातभर लांबीचा लोखंडी रंधा निघाला. काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला, पितळी चक्री हिरवी पडलेली, पात्याला तपकिरी गंज. बाजूच्या पाच-सहा पटाश्या सुतळीनं बांधलेल्या.

मी खिशात चार गोष्टी नेतो: सहा इंची सरळ पट्टी, छोटी बॅटरी, लोहचुंबक आणि फडकं. रंधा उलटा करून तळावर पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरी मारली. तोंडाच्या, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं त्या खाचेच्या, मागे बारीक फट दिसली, पण शेंडा, तोंडाची पुढची कड आणि शेपूट ह्या तीन जागा पट्टीला टेकत होत्या. रंधा चालायला एवढं पुरतं. मग तोंडाचे दोन्ही कोपरे पाहिले, कारण बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रंधा पडला की तडा बहुधा तिथून सुरू होतो. कोपरे स्वच्छ होते. पातं काढून पाहिलं, त्याच्या मधल्या खाचेच्या पुढे अजून दीड इंच पोलाद शिल्लक होतं, म्हणजे माझं आयुष्य निघेल. धारेजवळ निळी-जांभळी छटा नव्हती. ती असती तर कुणीतरी ग्राइंडरवर पातं जाळलं आहे, त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं आहे, असं समजायचं. पात्याची पाठ जास्त महत्त्वाची. धारेलगत पाठीवर गंजानं खड्डे पाडले असतील तर धार कधीच अखंड येत नाही. इथे खड्डे होते, पण वर, धारेपासून लांब.

एक गोष्ट केली नाही. बिडाचं भांडं घेताना आई जसं बोटाच्या पेरानं वाजवून बघते, तसा मी रंधा वाजवून बघितला नाही. आठवलंच नाही.

"मावशी, हा केवढ्याला?"

"बाराशे."

"बाराशे? गंज बघा की."

"गंज जातो दादा. इंग्रजांच्या टायमाचा आहे, शंभर-दीडशे वर्षांचा."

मी रंधा खाली ठेवला आणि पटाश्या सोडवायला लागलो. ही युक्ती फार जुनी आहे आणि मावशींना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्यांनी शांतपणे फोन काढला आणि कुठल्यातरी साइटवर तसलाच रंधा सहा हजारांना लावलेला दाखवला. सहा हजारांना लावलेला आणि सहा हजारांना विकलेला ह्यात फरक असतो, हे मी बोलून दाखवलं. त्या हसल्या. आठशे झाले, मग सातशे. मी साडेसहाशे हातात धरून उभा राहिलो. सव्वादोन किलोचं बीड, भंगारात त्याचे शंभर रुपयेही आले नसते, हा हिशेब दोघांच्याही डोक्यात चालू होता.

पटाश्यांचा सौदा मात्र मी मोठ्या हुशारीनं केला, असं तेव्हा वाटलं. तीन पटाश्या निवडल्या. त्यातल्या एकीच्या मानेवर पुसट अक्षरं होती, 'कास्ट स्टील'. मी तत्परतेनं म्हणालो, "ही तर ओतीव आहे मावशी, बिडाची, हिला धार काय टिकणार? हिचे पन्नास." त्यांनी खांदे उडवले आणि दिली. गुण्या आणि पट्टी जाता जाता उचलली. पट्टी गंजलेली होती, पण आकडे दिसत होते. दोन फुटी, जाड, इंचाचे बारीक भाग पाडलेली, साठ रुपयांत. एक करवतही होती, पण वाकवून सोडली तर सरळ झाली नाही. ती ठेवून दिली.

उलटा आटा

घरी येऊन पहिल्यांदा रंधा खोलायला बसलो. मागची पितळी चक्री फिरवून पातं खालीवर होतं. ती फिरेना. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, पुन्हा प्रयत्न केला. पक्कड लावून जोर द्यायच्या बेतात होतो, एवढ्यात मामांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीला येतोय म्हणून. मी चक्रीचं रडगाणं सांगितलं.

"कुठल्या बाजूनं फिरवतोयस?"

"उघडायच्या बाजूनं. डावीकडं."

"खुळ्या, त्याला उलटा आटा असतोय. उजवीकडं फिरव."

फिरली. ह्या जातीच्या रंध्यांत त्या चक्रीचा आटा मुद्दाम डावा ठेवलेला असतो, म्हणजे चक्री उजवीकडे फिरवली की ती मागे सरकते आणि पातं पुढे ढकललं जातं. पक्कड लावली असती तर पितळ चेपलं असतं किंवा दांडी तुटली असती, आणि तसे आटे आपल्याकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. जुन्या बाजारात असले चक्री तुटलेले रंधे का दिसतात, ते मला तेव्हा कळलं.

मामांविषयी दोन शब्द. ते कोल्हापुरात फौंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये 34 वर्षं होते. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडाचा नमुना करणारा. वाळूच्या साच्यात आधी हा लाकडी नमुना दाबतात आणि त्यानं सोडलेल्या पोकळीत बीड ओततात. सुतारकाम ते, पण सूतभराची चूकही न चालणारं. मामांचं स्वतःचं हत्यार कुणी हातात घेतलेलं त्यांना खपत नाही. आईनंसुद्धा कधी घेतलं नाही.

ते आले, चहा घेतला, आणि पिशवी उघडायला सांगितली.

रंधा त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांवर लोंबकळत धरला आणि उजव्या हातानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं बाजूच्या भिंतीवर टिचकी मारली. बिडाचा अखंड तुकडा घंटेसारखा वाजतो. हा 'ठप्' वाजला. त्यांनी दुसऱ्या बाजूला मारली, 'टण्'. पुन्हा पहिली, 'ठप्'. मग काहीही न बोलता खिशातला चाकू काढून त्या भिंतीवरचा काळा रंग खरवडायला सुरुवात केली. काळ्याखाली निळा रंग निघाला. आणि निळ्यातून आरपार, वरच्या कडेपासून तळाच्या दिशेला, दीड इंचाची पिवळी रेघ.

"पितळेनं डागलंय," मामा म्हणाले.

माझा चेहरा पडला. सहा हजारांचा रंधा साडेसहाशेला आणल्याचा आनंद जागच्या जागी विरला. कुणीतरी तडा पितळेनं भरला होता आणि वर रंग फासला होता, आणि मी तोंडाचे कोपरे तपासून स्वतःला शहाणा समजत होतो.

मामा मात्र ती रेघ भिंगातून बघत होते आणि खूष होत होते. "हे काम बघ. बिडाला वेल्डिंग मारलं की गार होताना शेजारी दुसरा तडा जातोय. ह्यानं आख्खा रंधा आधी तापवलाय, पितळ पातळ होऊन आत गेलंय, आणि सावकाश गार केलंय. वरनं कानशीनं सपाट केलंय. तळ वाकू दिला नाही." त्यांनी पट्टी लावून पुन्हा पाहिलं. "तोंडाला तडा असता तर फेकून दे म्हटलं असतं. गालाला आहे. तुझ्या हयातीत काय होत नाही."

मग भाव कसा लावायचा? इथे माझं त्यांच्याशी आणि स्वतःशीही बरंच बोलणं झालं. काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यासाठी ह्या रंध्याची किंमत शून्य. डागलेली वस्तू, वरून रंगवलेली. लाकूड तासणाऱ्यासाठी ती नव्याइतकीच. ऑनलाइनचे सहा हजार पहिल्या माणसासाठी असतात आणि आपण त्या आकड्याशी तुलना करून स्वतःची पाठ थोपटतो. मला रंधायचं होतं. म्हणजे मी तुलना करायला हवी होती ती अडीच हजारांच्या नव्या रंध्याशी. आणि आणखी एक गोष्ट, जी मामांनी सहज म्हटली आणि मला अजून पटते: ज्यानं एवढ्या मेहनतीनं हा सांधला, त्याला ह्याच्याशिवाय काम सुचत नसणार. वाईट रंधा कुणी एवढा जपून सांधत नाही.

रंगाखाली अंगावर उठावाची अक्षरंही होती: 'रेकॉर्ड नं. 05'. रेकॉर्ड हे शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन ह्या कंपनीचं नाव, आणि त्यांनी रंधे काढायला सुरुवात केली 1931 मध्ये. मूळ रचना अमेरिकेची. लेनर्ड बेलीची पेटंटं स्टॅन्ली कंपनीनं 1869 मध्ये घेतली आणि पेटंटांची मुदत संपल्यावर तीच रचना इतरांनी उचलली. स्टॅन्लीचा नंबर 5 तो इथे 05 झाला, पुढे एक शून्य लावून. म्हणजे मावशींचे 'दीडशे वर्षं' काही खरे नव्हते. इंग्रजांच्या काळातला मात्र तो असू शकतो.

गंज

गंज काढण्याचे शंभर उपाय लोक सांगतात. मी एकच केला. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणलं, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे ह्या अंदाजानं बादलीत कालवलं आणि सुट्टे भाग त्यात बुडवले. चार तासांनी काढून जुन्या टूथब्रशनं घासले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढले आणि लगेच हेअरड्रायरनं वाळवले. हे 'लगेच' महत्त्वाचं. एक पटाशी मी फोन आला म्हणून पाच मिनिटं ओली ठेवली, तर तिच्यावर नारिंगी गंजाची नवी साय धरली. पातं रात्रभर बुडवून ठेवायचा मोह होतो, पण तेवढ्या वेळात आम्ल चांगलं पोलादही खातं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. पितळी चक्रीला चिंच. त्यात मला काही शिकायचं नव्हतं, देवाची भांडी आयुष्यभर तशीच घासलेली पाहिली आहेत.

तळासाठी मार्बलवाल्याकडून ओट्याच्या ग्रॅनाइटचा दोन फुटी तुकडा फुकट आणला. त्यावर 80 नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला, तळावर पेननं आडव्या रेघा ओढल्या आणि रंधा घासत राहिलो. रेघ जिथे पुसली जाते तिथे तळ उंच. मामांनी तासाभरानं थांबवलं. मला सगळ्या रेघा पुसायच्या होत्या. ते म्हणाले, तोंडापुढची पुसली, शेंडा-शेपटीची पुसली, बास, उरलेलं बीड उगाच कशाला घालवतोस. घासताना पातं आणि दाबपट्टी जागेवर बसवून, नेहमीइतकी घट्ट करून, फक्त धार आत ओढून ठेवायची. ताण बसला की तळ केसभर वाकतो, आणि काम करताना तो तसाच असतो.

मुठीचा वरचा पितळी नट गायब होता आणि त्याच्या जागी कुणीतरी पंख्याचा नट ठोकून बसवला होता. भोसरीच्या एका लेथवाल्यानं जुन्या दांडीचा आटा मोजून नवा नट करून दिला, दोनशे रुपयांत. मुठीला जवसाचं तेल तीन वेळा. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, दोरीवर पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पावसाळ्यात मी लोखंडी भागांना शिलाई मशीनचं तेल पुसतो, बाकी काही नाही.

पन्नास रुपयांची पटाशी

मामांनी तिन्ही पटाश्यांवर कानशीचा कोपरा हलकेच ओढून बघितला. दोनांवर कानस थोडी चावली. तिसरीवर, त्याच 'कास्ट स्टील'वालीवर, काचेवरून घसरावी तशी घसरली.

"ही कितीला घेतलीस?"

"पन्नासला. ओतीव आहे ना, म्हणून कमी करून घेतली."

मामा एवढे हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

'कास्ट स्टील' म्हणजे बीड नव्हे. 1740 च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन ह्या घड्याळजीला कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्यानं मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. त्या मुशीतल्या पोलादाला तिथे 'कास्ट स्टील' म्हणू लागले आणि कारागीर हत्यारांवर ते अभिमानानं ठोकू लागले. ओतलेलं खरं, पण ओतलेली वडी पुढे घणाखाली घडवलेली. दक्षिण हिंदुस्थानात मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं, हा भाग वेगळा. मला एवढंच समजलं की अर्धवट इंग्रजी येणं कधीकधी अजिबात न येण्यापेक्षा महाग पडतं. ह्या वेळी ते चुकून मावशींना महाग पडलं.

धार लावल्यावर त्या पटाशीनं सागाच्या आडव्या तंतूंतून, खवल्यासारखे पातळ काप काढले. बाकीच्या दोन आता खिळे उपटायला आणि चुना खरवडायला आहेत. तेही काम कुणीतरी करायला हवंच.

फुटाला एक सूत

पट्टीचं प्रकरण मामा परत गेल्यावर उघडकीला आलं. टेबलाच्या पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मी त्या दोन फुटी पट्टीनं मोजून बरोबर 24 इंच कापल्या. वरची फळी मशीनवाल्यानं टेपनं मोजून कापून दिली होती. सांगाडा बांधून फळी ठेवली तर सांगाडाच बाहेर डोकावत होता. मशीनवाल्यानं घोळ केला म्हणून त्याला फोन लावणार होतो. आधी टेप लावला. फळी बरोबर होती. माझ्या चारही पट्ट्या दोन-दोन सूत मोठ्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

टेप आणि पट्टी शेजारी ठेवली. पट्टीचे 24 इंच म्हणजे टेपचे सव्वाचोवीस. दुसरा टेप आणला, तेच. पट्टी छापतानाच चुकली असेल असं म्हणावं, तर फूट-फूट तपासल्यावर चूक सगळीकडे सारखी: फुटाला एक सूत.

मामांना फोन केला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "कोपऱ्यात गंजाखाली काय लिहिलंय बघ."

घासलं. 'कॉन्ट्रॅक्शन' असा शब्द निघाला.

"ती तुझी न्हवं, माझी पट्टी हाय."

बीड ओतल्यावर गार होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्नमेकर नमुना तेवढा मोठा करतो. दर मापाला गुणाकार करत बसण्यापेक्षा त्यानं पट्टीच लांब करून घेतली. तिच्यावरचा 'एक फूट' हा खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. मामा पॅटर्नशॉपमध्ये 34 वर्षं असल्याच पट्टीनं मोजत आले. ते आले होते तेव्हा माझ्याच घरी, माझ्याच पिशवीत ती पडलेली असताना त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीनं पट्टी ही पट्टीच होती. हे त्यांना फार लागलं. मला मात्र उलट धीर आला.

तेव्हापासून जुनी मोजायची वस्तू घेतली की आधी ती दुसऱ्या मापाशी ताडून बघतो. गुण्यालाही तेच. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारायची, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. दोन रेघा फाकल्या तर गुण्या खोटा, आणि फट दिसते ती चुकीच्या दुप्पट. माझ्या 120 रुपयांच्या गुण्याच्या रेघा फाकल्या. पात्याची कड कानशीनं घासून तो जागेवर आणायला एक संध्याकाळ गेली.

हिशेब

बाजारात 1,080. पॉलिशपेपर 210, लिंबूसत्त्व 90, तेलं 70, लेथवाला 200. एकूण 1,650, म्हणजे ठरवलेल्या दोन हजारांच्या आत. वेळ मी वहीत लिहून ठेवला होता: रंध्यावर सात तास, पटाश्यांवर तीन, गुण्यावर दीड. ह्या साडेअकरा तासांचे पैसे धरले तर स्वस्त वगैरे काही पडलेलं नाही, आणि ज्याला घासायला-पुसायला आवडत नाही त्यानं सरळ नवा रंधा घ्यावा. मला आवडतं. चार पट्ट्या दोन सूत मोठ्या कापल्या गेल्या, पण मोठ्या होत्या म्हणून निभावलं. लहान झाल्या असत्या तर एवढा जुना साग पुन्हा कुठून आणणार होतो?

रंध्याची पहिली अखंड साल निघाली तेव्हा ती कागदासारखी गुंडाळत तोंडातून वर आली, आणि शंभर वर्षांच्या चुन्याखालून सागाचा तो तेलकट, कडवट वास घरभर झाला. खिळ्याचा एक तुकडा चुंबकालाही चुकला आणि पात्याला दातरा पाडून गेला. पुन्हा धार लावली, अर्धा तास. टेबल उभं आहे. मुलगी त्यावर अभ्यास सोडून बाकी सगळं करते.

पट्टी कोल्हापूरला पाठवून दिली. मामांनी ती भिंतीवर टांगली आहे.

दोन महिन्यांनी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. मावशी त्याच जागी, तीच निळी ताडपत्री. पुढ्यात एक भोकं पाडायचं गिरमिट होतं. मी ते उचललं, वाजवलं, कानाशी धरलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"रंधा कसा चालतोय दादा?"

"चालतोय. पण मावशी, तो डागलेला होता. पितळेनं. वर रंग मारला होता."

"माहीत होतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर साडेसहाशेला दिला."

गिरमिटाचे चारशे सांगितले. साडेतीनशेला मिळालं.